गुत्नेलआत्याचं गवत कुठवर गेलं

ऑगस्ट सरत आला की तळ्याच्या दोन्ही काठांना एकच आवाज ऐकू यायचा. धप्, धप्, जरा थांबून पुन्हा धप्. गुत्नेलआत्या बर्चच्या ओंडक्यावर गवताच्या पेंढ्या बडवायची. आवाज पाण्यावरून जायचा, पलीकडच्या कड्याला आपटून परत यायचा, आणि नवख्या माणसाला वाटायचं, पल्याडही कुणीतरी बडवतंय. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं. तिकडं कोण आहे म्हणून विचारलं, तर बडवणं न थांबवता ती म्हणाली, "तिकडं बी मीच हाय. हिकडं बी मीच. आनखी कोन असनार?"

ती माझ्या नवऱ्याची, योव्नाची, सख्खी आत्या. आमच्या घराला लागून तिची खोली होती. मी नदीकाठची, म्हणून ती मला कायम 'नदीवाली' म्हणायची. नदीवाले बसून मासे धरणारे, त्यांना हिंडणं ठाऊक नाही आणि गवतही ठाऊक नाही, असा त्यात टोमणा असायचा. मी तो कधी मनावर घेतला नाही. हिंडणं तर तिलाही ठाऊक नव्हतं.

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या आम्हा सामी माणसांच्या पायाला मोजा माहीत नव्हता. रेनडिअरच्या पायाच्या कातड्याचे, टोकाला वर वळलेले जोडे, आणि आत गवत. जोड्यात गवताचं घरटं करायचं, त्यात उघडा पाय घालायचा, घोट्याभोवती गवत सारून वरून विणलेला पट्टा आवळायचा. बाहेर झाडं तडकतील एवढी थंडी असली तरी आत पायाला घाम यायचा. संध्याकाळी गवत काढून चुलीवर वाळत घालायचं, सकाळी पुन्हा भरायचं. ओलं गवत जोड्यात तसंच ठेवून झोपणारा म्हणजे कामातून गेलेला माणूस. आत्याला कुणाचा राग आला की ती "त्याच्या जोड्यात वलं गवत" एवढंच म्हणायची, आणि त्या माणसाबद्दल आणखी काही ऐकायची गरज राहायची नाही.

गवत म्हणजे दिसेल ते गवत नव्हे. पाणथळीत, गुडघाभर गार पाण्यात वाढणारं, तिकोनी देठाचं, लांब पात्याचं. कोवळं कापलं तर पायाखाली त्याचा लगदा होतो. हिमाचा हात लागल्यावर कापलं तर मोडतं. मधले थोडे दिवस काय ते खरे. आत्या विळा घेऊन एकटी पाण्यात उतरायची. मी एकदा मदतीला गेले तर मला काठावर उभं करून म्हणाली, "तू फक्त डास मोज." कापलेलं गवत ओंडक्यावर बडवून मऊ करायचं, खिळ्यांच्या फळीवर विंचरायचं, मग पीळ देत देत त्याची घट्ट, गोल चुंबळ वळायची. चुंबळीला ती लोकरीचा एक धागा बांधायची. ज्या वर्षी घरात जी लोकर उरली असेल त्या रंगाचा. एका वर्षी लोकर नव्हतीच, तेव्हा जुन्या तंबूच्या कापडाची चिंधी बांधली होती. हे गवत कुणाचं ते ओळखायला आख्ख्या पठारावर कुणाला विचारावं लागत नसे.

तिच्या डाव्या खुब्यात जन्मापासून दोष होता. वसंतात रेनडिअरचा कळप चरायला समुद्राकडे निघाला की घरंच्या घरं रिकामी व्हायची, आणि म्हातारे, आजारी आणि गुत्नेल मागे राहायची. लहानपणी ती दारात उभी राहून बघायची. पश्चिमेच्या टेकडीच्या माथ्यावर पोचला की तिचा बाप वळून हातातली काठी वर करायचा. मग तो पलीकडे उतरायचा, आणि बर्चची पानं पिवळी पडेपर्यंत दिसायचा नाही.

समुद्र तिनं कधी पाहिला नाही. पण तिचं गवत दरवर्षी जायचं. बापाच्या पायात, भावांच्या पायात, पुढं साऱ्या वस्तीच्या पायात. माणसं परत आली की ती कळपाचं विचारायची नाही, पावसाचं नाही. "कुठवर गेलं?" एवढंच विचारायची. गडी चेष्टा करायचे. कुणी म्हणायचा, तुझं गवत माझ्याआधीच पोचून कॉफी पीत बसलं होतं. कुणी म्हणायचा, तुझ्या गवतानं बेटावरच्या एका पोरीशी सोयरीक जमवली, आता ते काही यायचं नाही. ती हसायची, कॉफी ओतायची, आणि त्यांचं थट्टेतलं बोलणं संपून खरं बोलणं सुरू होईपर्यंत वाट बघायची. मग ते सांगायचे. कुठल्या खिंडीत वारं फिरलं, कुठल्या नदीवरचा बर्फ निळा पडला होता, रेनडिअर पोहून बेटावर गेले तेव्हा वासरं कशी आयांच्या पाठीला लागून होती. हे सगळं तिच्यात मुरत गेलं होतं. योव्ना पहिल्यांदा कळपाबरोबर निघाला तेव्हा तिनंच त्याला बजावलं होतं, दुसऱ्या खिंडीत डाव्या अंगाच्या बर्फावर पाय देऊ नकोस म्हणून. त्यानं दिला नाही आणि त्याच्यापुढच्यानं दिला, तो कमरेपर्यंत आत गेला.

मग दुकानात रबराचे बूट आले. आत दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचं अस्तर, पाणी लागत नाही, सकाळी नुसता पाय घातला की झालं. त्यामागोमाग बर्फावर पळणारी स्कूटर आली. स्कूटरवर बसलेल्या माणसाचा पाय चालतच नाही, त्याला गवत कशाला. आत्याकडे येऊन "आता नको" असं कुणी म्हटलं नाही. येणंच थांबलं. आमच्या योव्नानंही बूट घेतले. ते तो घरामागं लाकडांच्या ढिगाआड ठेवायचा आणि तिथं जाऊन बदलायचा. आत्यानं एकदा पाहिलं. पुढल्या वर्षी त्याच्या वाटणीची चुंबळ तेवढी केली नाही. पुढं योव्नानं कळपातली आपली जनावरं धाकट्या भावाच्या हवाली केली आणि रस्त्याच्या कामावर जायला लागला.

राहिला फक्त इस्सात.

इस्सात तळ्याच्या पल्याड राहायचा. आत्याच्याच वयाचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी किनाऱ्यावरच्या गावात मासळीच्या कामाला, ती तिकडचीच झालेली. तो पुतण्यांबरोबर अजून कळपामागं जायचा. शरद आला, माणसं परतली, की तो होडी वल्हवत यायचा, पायात कातड्याचे जोडे, आणि दाराजवळच्या फळीवर बसायचा. गवत मागायची आमच्यात रीत अशी, की गवत मागायचं नाही. दुसरी कॉफी संपली की माणसानं पायांकडे बघायचं आणि म्हणायचं, "पाय गार पडतात." इस्सात तसंच म्हणायचा. आत्या उठून आढ्याजवळची चुंबळ काढून त्याच्या मांडीवर ठेवायची, आणि विचारायची, गेल्या वर्षीचं कुठवर गेलं.

तो फार बोलणारा नव्हता. पण एवढं सांगायचा. एकदा म्हणाला, बेटापर्यंत गेलं, तिथं होडीतून उतरताना पाय काठावर पडला, वाळू पांढरी होती, गवतात शिरली.

"मग झटकली का?" आत्यानं विचारलं.

"झटकली."

"खारट असंल."

"असंल."

तो गेल्यावर ती कुत्र्याला हाडाचा तुकडा टाकत म्हणाली, "वाळू शिरली म्हने." दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. नंतर हिवाळाभर, गवताचा विषय नसतानाही, मध्येच ती वाळू निघायची.

मला एक गोष्ट खटकायची. इस्सातचे जोडे कधी झिजलेच नाहीत. दरवर्षी तेच, टाचेला तसेच केसाळ. मी बोलून दाखवलं तर आत्या म्हणाली, जपून वापरतो तो, सगळी काय तुझ्या नवऱ्यावानी अडदांड नसतात. चामड्याकडं बघून माणूस किती चालला ते सांगणारी ही बाई. तिच्या नजरेतून हे सुटलं असेल का, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला आहे.

मग एका वर्षी कळप निघून गेल्यावर मे महिन्यात मोठं वारं सुटलं. इस्सातच्या कोठीचं दार उखडून बर्फात पडलं. ही कोठी म्हणजे खांबांवर उभी केलेली छोटी लाकडी खोली, मांस आणि कातडी ठेवायची. घर बंद, माणूस समुद्राकडे. शेजारधर्म म्हणून सुट्टीच्या दिवशी योव्ना स्कूटर घेऊन निघाला, मागच्या घसरगाडीत मी आणि खिळे. आत्या येऊन माझ्या शेजारी बसली. टांगलेल्या मांसाला वारा लागून चालत नाही, ते पुरुषाला कळत नाही, असं तिचं म्हणणं.

कोठीला चार-दोन पायऱ्या होत्या. ती दोन्ही हातांनी धरून, आखडलेला पाय ओढत चढली. मी खाली दार सरळ करत होते. आत गेली ती गेलीच. काही आवाज येईना म्हणून मी वर चढले.

मांस कोपऱ्यात होतं, त्याला काही झालं नव्हतं. आत्या आढ्याकडे बघत उभी होती. आढ्याला एक काठी आडवी बांधली होती आणि तीत चुंबळी ओवलेल्या होत्या, एकीला एक लागून. लाल धाग्याची, करड्या धाग्याची, निळ्या धाग्याची. तंबूच्या चिंधीची सर्वांत आत. सगळ्यांच्या गाठी तिनं मारल्या तशाच. एकही सुटलेली नव्हती.

तिनं सर्वांत पुढची, निळ्या धाग्याची, गेल्या शरदातली, काढून नाकाला लावली. बराच वेळ लावून धरली.

"पायाचा वास न्हाई," ती म्हणाली. मला नव्हे, नुसतीच.

खालून योव्नानं हाक मारून विचारलं, मांस ठीक आहे का. तिनं तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, मांस ठीक हाय म्हणून. मग ती चुंबळ शालीखाली घेतली आणि उलट्या पावलांनी उतरली. घरी आल्यावर तिच्या खोलीतून चूल पेटवल्याचा धूर दिसला, म्हणून मी तिकडं गेले नाही. काय म्हणणार होते? लोक नाहीत पण एक तरी आहे, एवढ्यावर तिचं चाललं होतं. आता तो एकही नव्हता, आणि कितीतरी वर्षांपासून नव्हता. ज्या समुद्रापर्यंत ती दरवर्षी जाऊन येत होती, तिथं ती गेलीच नव्हती.

नंतरचे काही दिवस ती नेहमीसारखी वागली. नेहमीसारखी म्हणजे जास्तच. माझ्या भाकरीला नावं ठेवली, कुत्र्याला शिव्या दिल्या. मग एका सकाळी, रात्रीच्या गारठ्यानं बर्फाचा वरचा थर दगडासारखा झालेला असताना, मी पाहिलं तर तिचं दार उघडं, कुत्रा बांधलेला, चूल थंड. अंगणात जोड्यांचे माग होते, पुढं टोक वळलेले. एक पाऊल नीट उमटलेलं, दुसरं घासत गेलेलं. माग पश्चिमेला गेले होते.

योव्ना कामावर होता. मी स्की चढवल्या आणि निघाले. एवढ्या खुब्यानिशी ती फार लांब जाणार नाही, तळ्याच्या टोकाशी सापडेल असं वाटलं. तिथं नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी नव्हती. चढावर माग वेडेवाकडे झाले होते, मध्ये मध्ये बसल्याच्या खुणा होत्या, आणि तरी ते वर जात होते.

ती माथ्यावर सापडली. वाऱ्यानं बर्फ उडून एक दगड उघडा पडला होता, त्यावर बसली होती. पाय उघडे, लालबुंद. शेजारी काळ्या, वाळलेल्या झुडपांवर गवत मोकळं करून पसरलेलं, उन्हात. निळा धागा तिनं बोटाला गुंडाळला होता.

"पाय झाका आत्या, गारठाल," मी म्हटलं.

"वाळू दे की. वलं गवत जोड्यात भरू व्हय?"

मी स्की काढल्या आणि खाली बसले. माझी शाल तिच्या पायांवर टाकली, ती तिनं राहू दिली. समोर पांढरे डोंगर, त्यांच्यामागं पांढरे डोंगर. पक्षीसुद्धा नव्हता.

"हितनं आबा काठी वर करायचा," ती म्हणाली. "मला खालनं वाटायचं, त्याला हितनं समुद्र दिसत असंल. म्हनून थांबतोय. काय दिसत न्हाई गं नदीवाले हितनं."

मी शाल तिच्या घोट्यांभोवती सारली.

"चांगलं गवत म्या पायात कधी घातलंच न्हवतं. खाली पडलेलं, तुटकं भरायची. म्हटलं, आपल्याला कुठं जायचंय." तिनं झुडपावरची एक काडी उचलून बोटात फिरवली. "लई ऊब हाय गं. गडी खोटं बोलत न्हवते."

मग तिनं विचारलं, "ती पांढरी वाळू. ती असंल का?"

"असंल की. योव्ना पन सांगतो, पांढरी हाय म्हनून." योव्नानं मला वाळूचं कधी काही सांगितलेलं नव्हतं.

"असंल," ती म्हणाली. "पर मंग ती कुनाच्या जोड्यात शिरली?"

गवत वाळलं तेव्हा तिनं ते उचललं, झटकलं, जोड्यात घरटं केलं. इतक्या वर्षांत तिचे हात मी हजारदा पाहिलेले, पण स्वतःच्या पायासाठी ते असे सावकाश फिरताना पहिल्यांदा पाहिले. उतरताना तिनं माझ्या खांद्याला धरलं नाही. ऊन चढून थर मऊ पडायला लागला होता, घरी पोचेपर्यंत दोघी गुडघ्यापर्यंत रुतत होतो. तरी माथ्यावरून निघायच्या आधी ती एकदा वळली होती, खाली आपल्या दाराकडे बघितलं होतं. काठी तिच्याकडे नव्हती. हात मात्र जरासा उचलला होता, मग काहीतरी वाटून खाली घेतला.

ऑगस्टात आवाज आला तेव्हा मला हायसं वाटलं. पण तो एका सकाळपुरताच आला. दुपारी मी पाहिलं तर खिळ्यांची फळी धुऊन भिंतीला लावलेली आणि आढ्याला एकच चुंबळ.

इस्सात परतला तो पानं गळून गेल्यावर. दार कुणी बसवलं ते योव्नानं त्याला वाटेतच सांगितलं होतं, आणि कोण कोण गेलं होतं तेही. दोन-तीन दिवस त्याची होडी पल्याडच दिसत होती. मग एका दुपारी तो आला. मी आत्याच्या चुलीशी बसून मगज काढायला हाडं फोडत होते. त्यानं उंबऱ्याशी बूट काढले. रबराचे. मोठे, ओले, तिथंच वाकडे होऊन पडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्या दारात रबराचे बूट घालून आला होता.

फळीवर बसला. आत्यानं कॉफी दिली, आमच्याकडच्या रीतीनं कॉफीत चीजचे तुकडे टाकले. उन्हाळाभर पाऊस होता, वासरं बारीक राहिली, असं तो म्हणाला. ती हं हं करत राहिली. पहिली कॉफी संपली, दुसरी संपली. एरवी या वेळेला होणारा प्रश्न तिनं विचारला नाही. त्यानं वाट बघितली. मग सवयीनं असेल किंवा दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, पायांकडे बघून म्हणाला, "पाय गार पडतात."

"रबर हाय की."

त्यानं उंबऱ्याकडे बघितलं. मी हाडं फोडायची थांबवली होती, ते लक्षात येऊन पुन्हा फोडायला लागले.

"औंदा माझ्या पायापुरतंच कापलंय," आत्या म्हणाली.

तो पेला हातात फिरवत राहिला. पहिल्या वर्षी खरंच घालणार होता, असं त्यानं सांगितलं, तुटक तुटक. स्कूटरवर पुतणे हसले, म्हणून म्हटलं पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी वाटलं, निदान नीट ठेवावं. मग ते तसंच होत गेलं.

"आन वाळू?"

"वाळू खरी हाय."

"माझं गवत न्हवतं तिथं."

"मी व्हतो," इस्सात म्हणाला. "उतरलो तवा म्हटलं, हे गुत्नेलला सांगायचं."

कुत्रा उठून त्याच्या बुटांना हुंगून परत येऊन पडला. चुलीतलं लाकूड खाली बसलं. इस्सातनं पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि उद्या बर्फ पडेल का असं विचारावं तशा आवाजात विचारलं, "गवत न्हाई तर मी यायचं कशाला, गुत्नेल?"

मी खिडकीतून पल्याड बघितलं. त्याच्या घराच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. तो इथं होता म्हणजे तिथं चूल पेटवायला कुणी नव्हतंच. हे मला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्या दिवसापर्यंत मी ते पाहिलं नव्हतं. तळ्यावरून होडी वल्हवत यायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं. तिनं त्याला ते दरवर्षी वळून, धागा बांधून दिलं होतं.

आत्या आपल्या आखडलेल्या पायावर हात फिरवत होती.

"माझं गवत जाऊन आलं," शेवटी ती म्हणाली. "मे महिन्यात. अजून कुनी इचारलं न्हाई."

इस्सातनं तिच्याकडे बघितलं.

"कुठवर गेलं?"

वस्तीत बोलणी झाली. आता दोन चुलींची एक होईल, असं सगळे म्हणाले, योव्नासुद्धा. झाली नाही. दोघांनाही एकटं राहायची सवय हाडात गेली होती, ती काही निघाली नाही. तो यायचा, रबराच्या बुटात, दोन कॉफ्या प्यायचा, अंधार पडायच्या आत परत जायचा. त्याच्या कोठीतल्या चुंबळी तो एकेक करून आणून द्यायचा, आणि ती त्या आपल्या पायात चालवायची. कधी पाणथळीपर्यंत, कधी टेकडीच्या अर्ध्यावर, खुबा फार दुखत असला तर लाकडांच्या ढिगापर्यंत. पण सांगताना ती ढिगाचं सांगायची नाही.

"खिंडीपातुर गेलं," ती म्हणायची.

"खोटं."

"पांढरी वाळू शिरली."

"मग झटकली का?" इस्सात विचारायचा.

"झटकली," आत्या म्हणायची, आणि तिसरी कॉफी ओतायची नाही, कारण बाहेर दिवस सरत आलेला असायचा आणि त्याला तळं ओलांडायचं असायचं.